हे पान इथलं नाही

मुद्रणालयात अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला निवृत्तीनंतरही छापील मजकूर सरळपणे वाचता येत नाही. औषधाच्या खोक्यातला कागद असो की बसथांब्यावरची पाटी, नजर आधी चुकीवर जाऊन बसते. मुद्रणालयात सगळे तिला प्रूफबाई म्हणायचे. तिचं आडनाव निम्म्यांना ठाऊकही नव्हतं. नोकरी संपली, घर खायला उठलं, तेव्हा ती आठवड्यातून तीन सकाळी चौकापलीकडच्या छोट्या वाचनालयात जाऊ लागली. पगार नाही, काही नाही. दोन नंबरच्या खिडकीत बसून पुस्तकं द्यायची, घ्यायची.

एकुलती एक लेक पाच वर्षांपासून विमानाशिवाय जाता येऊ नये इतक्या लांबच्या शहरात. तिचा फोन दर रविवारी अकरा वाजता यायचा आणि आधी बाबांच्या हाती लागायचा. बाबा निवृत्त भूमापक. तिकडचं तापमान, पाऊस, ऑफिसपर्यंतचं अंतर, सगळं त्यांना आकड्यांत हवं असे. त्यांचं होईतो लेकीच्या दारात कुणीतरी उभं राहिलेलं असायचं, नाहीतर तिचं दूध उतू जायला आलेलं. आईच्या वाट्याला यायची चार वाक्यं. गोळ्या घेतेस ना, गुडघा कसा आहे, जिने चढू नकोस, बरं ठेवते.

अशाच एका रविवारी लेकीने सहज सांगितलं, की ऑफिस सुटल्यावर ती आणि ठिकठिकाणचे दहा-बारा जण मिळून छोट्या वाचनालयांसाठी एक प्रोग्राम बनवतात. खुला प्रोग्राम. कुणीही वापरावा, आतलं सगळं उघडं, चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करून पाठवावी. त्याचं आपल्या भाषेतलं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरणाऱ्यांसाठीची माहितीची पानं, ती सांभाळते. प्रूफबाईने प्रोग्रामचं नाव कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलं आणि ग्रंथपालांच्या इतकी मागे लागली, की दोन महिन्यांत तो वाचनालयात बसला. लेकीला सांगायचं, पण सगळं सुरळीत चालू झाल्यावर, जरा ऐटीत, असं तिने ठरवलं होतं.

मग तिने ती पानं वाचायला घेतली, आणि तिसऱ्या ओळीला थबकली. ‘नोंद दिसेनाशी झाली तर आधी स्वस्थ बसा. काहीही पुसलं गेलेलं नाही.’ ही लेकच. लहानपणापासून आधी समोरच्याला धीर द्यायचा आणि मग काय फुटलं ते सांगायचं, अशी तिची पद्धत. प्रूफबाई त्या दिवशी घरी जायला तासभर उशीर करून पुढची वीस पानं वाचत बसली. बाबांना सांगितलं, खिडकीवर गर्दी होती.

पुढच्या पानावर ‘नोंदणी’तला णि ऱ्हस्व पडला होता. ते तिच्याने सोडवेना. दुरुस्ती कशी पाठवायची ते तिने ग्रंथपालांना विचारलं. त्या संगणकावरचं खातं त्यांनी ‘खिडकी दोन’ या नावाने उघडलेलं होतं. दुरुस्ती त्याच नावाने गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘धन्यवाद. बारीक नजर आहे तुमची. आणखी काही दिसलं तर जरूर कळवा.’

‘तुमची’. पोटच्या पोरीने आपल्याला अहोजाहो करावं, याचं तिला हसू आलं, आणि मग ते थोडं लागलंही. रविवारी सांगून टाकू, असं मनाशी म्हणून तिने आणखी एक स्वल्पविराम पाठवला.

रविवारी सांगणं झालं नाही. पुढच्याही नाही. स्वल्पविरामांवरून गाडी वाक्यांवर आली आणि वाक्यांवरून अख्ख्या पानांवर. खिडकीत बसून जे कळत होतं ते ती लिहू लागली. पुस्तक हरवलेल्या माणसाशी त्याची मान खाली न जाता कसं बोलावं. ओलं झालेलं पुस्तक कसं वाळवावं. लेक प्रत्येक पान बारकाईने वाचायची, शंका काढायची. त्या शंकांच्या आजूबाजूला हळूहळू इतरही येऊ लागलं. शनिवारी ती तिथल्या मोठ्या वाचनालयात जाऊन नुसती बसते, कारण तिथे माणसांचा आवाज असतो, असं तिने एकदा लिहिलं. एकदा लिहिलं, ‘तुमच्यामुळे आईची आठवण झाली. तिच्याही हातून एक चुकीचा काना सुटत नाही. तिला हे काम आवडेल. विचारायला हवं.’

प्रूफबाईचा तो आठवडा तरंगत गेला. काय उत्तर द्यायचं, ते तिने भांडी घासताना दोनदा म्हणून पाहिलं. रविवारी अकराला फोन आला. बाबांनी पाऊस मोजून घेतला. मग गोळ्या झाल्या, गुडघा झाला, बरं ठेवते झालं. लेकीने विचारलं नाही. पुढे चार रविवार गेले. विचारायचं तिच्या मनात नव्हतं असं नाही. फोन हातात आला की ती मुलगीच कुठेतरी आत जाऊन बसायची आणि बाहेर नुसती चौकशी उरायची. हे आईला कळत होतं. आपलंही तसंच होतं, हेही कळत होतं.

सातव्या महिन्यात एक तक्रार आली. कुठल्याशा शाळेत एकटीने वाचनालय चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, की चुकून ‘परत आलं’ असं दाखवलेलं पुस्तक पुन्हा कसं नोंदवायचं एवढं शोधायला त्यांना अकरा पानं पालथी घालावी लागली. समोर मुलांची रांग. शेवटी त्यांनी संगणक बंद करून जुनी वही काढली.

लेकीने ती तक्रार फार मनाला लावून घेतली. आठवड्याभरात तिने सगळ्यांसमोर नियम ठेवला. प्रोग्राम बदलला की जे पान बदलावं लागेल ते आपलं. बाकीचं कितीही चांगलं असलं तरी ते इथलं नाही. त्याखाली काढून टाकायच्या पानांची यादी होती. तिच्या स्वतःच्या जुन्या पानांवर तिने आधी काट मारली होती. धीर देणारं ते वाक्यही त्यात गेलं होतं. ‘खिडकी दोन’ची सहाच्या सहा पानं यादीत होती.

प्रूफबाईने कडाडून विरोध केला. वाचनालय म्हणजे नुसती बटणं नव्हेत, असं तिने लांबलचक लिहिलं. लेकीचं उत्तर शांत होतं. ‘तुमचं म्हणणं खरं आहे. पण रांग समोर असताना माणसाला उत्तर हवं असतं, सोबत नको असते. सोबत आपण दुसरीकडे देऊ.’

मुद्रणालयात तिने लेखकांना हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं, आणि ते तेव्हा तिच्यासारखेच भांडले होते. पोरीचं बरोबर होतं. तिने यादीला होकार कळवला आणि ‘आधी स्वस्थ बसा’ एवढेच तीन शब्द राहू द्यावेत, अशी विनंती केली. ती मान्य झाली.

काढलेल्या पानांची वेगळी पुस्तिका करावी आणि ती ‘खिडकी दोन’ने सांभाळावी, असं लेकीनेच सुचवलं. फक्त पुस्तिकेची जबाबदारी घेणाऱ्याने आपलं पूर्ण नाव द्यायचं, असा प्रकल्पाचा नियम होता. प्रूफबाईने दोन दिवस तो रकाना कोरा ठेवला. बुधवारी सकाळी तिने नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव लिहिलं आणि घरी येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली.

दुपारी फोन वाजला. बाबा झोपले होते.

“खिडकी दोन म्हणजे तू?”

“हो.”

“सात महिने, आई. मी काय काय लिहिलं तुला. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

तिने दोन-तीन सबबी जुळवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही तिने वापरली नाही. “सांगितलं असतं तर तू लिहायची थांबली असतीस. रविवारी मला चार वाक्यं मिळतात गं. तिथे पानभर मिळायचं.”

“मला राग आलाय.”

“येऊ दे.”

लेकीने फोन ठेवला नाही. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, “ओल्या पुस्तकाचं पान. ते माझ्या भूगोलाच्या पुस्तकाचं आहे ना? टाकी फुटली होती तेव्हाचं. तू रात्रभर इस्त्री करत होतीस.”

“पानापानात टीपकागद घालून. हो.”

“वाचताना मला काहीतरी होत होतं. कळत नव्हतं काय ते. तरी काढलं मी.”

“चांगलं केलंस. मीही काढलं असतं.” मग तिने एवढे दिवस मनात राहिलेलं विचारून टाकलं. “शनिवारी अजून जातेस? माणसांचा आवाज ऐकायला?”

“जाते.”

“ये ना इकडे थोडे दिवस.”

“यंदा नाही जमणार, आई.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढचं बोलणं पुस्तिकेच्या अनुक्रमावर गेलं.

त्या आठवड्यात तिने सहाही पानं नव्याने वाचली. चार पुस्तिकेत बसत होती. हरवलेल्या पुस्तकाचं पान तिने निम्मं छाटलं, त्याने ते सुधारलं. ओल्या पुस्तकाचं पान मात्र पाचदा वाचूनही कुठे बसेना. टीपकागद किती जाड असावा, इस्त्री किती गरम, हे सगळं त्यात होतं. पण ते सांगण्यासाठी ते लिहिलेलंच नव्हतं. ते एकाच माणसासाठी लिहिलेलं होतं. सहावं पानही तसंच निघालं.

तिने कपाटातून रेघांचे कागद काढले आणि दोन्ही पानं हाताने उतरवून काढली. वर ‘चि.’ लिहून लेकीचं घरातलं नाव घातलं. एक शब्द खोडावा लागला तो तिने तसाच राहू दिला, पुन्हा स्वच्छ लिहिलं नाही. पोस्टातल्या माणसाने लिफाफा तोलला आणि पोचायला बारा-पंधरा दिवस तरी लागतील, असं सांगितलं. हेच फोनवरून क्षणात पाठवता येतं, आजी, असंही तो म्हणाला. तिने मान डोलावली आणि पत्ता पुन्हा एकदा, अक्षर अन् अक्षर, तपासून पाहिला.