शमाच्या नावाने पाच कॉम्प्युटर

तळोज्याच्या त्या केमिकल कारखान्यात सर्व्हर एकच आणि त्याला जोडलेले कॉम्प्युटर पाच. नोंदी सगळ्या सर्व्हरच्या पोटात. कॉम्प्युटरने फक्त नाव आणि पासवर्ड सांगायचा, मग सर्व्हर त्याला आत घेणार. ही व्यवस्था सांभाळायची पनवेलची शमा. मॅनेजर कुमारसाहेबांना तिने तीन वर्षांत दहादा सांगितलं, "साहेब, प्रत्येकाला वेगळं नाव देऊ या. कोणी काय लिहिलं ते कळेल."

"कशाला डोक्याला ताप? तीन पाळ्यांची माणसं, पासवर्ड विसरतात. तुझंच नाव टाक सगळीकडे."

आणि या शहाणीने टाकलं! वर प्रत्येक स्क्रीनवर पासवर्डची चिठ्ठीही चिकटवली.

जानेवारीत चार नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. तिथल्या कामगाराचा, दयारामचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सर्व्हरमध्ये सकाळचीच नोंद होती: व्हॉल्व्ह तपासला, ठीक. नोंद करणारी, शमा.

तपासायचं काम सुपरवायझर निकेशचं. तो टाकीकडे फिरकलाही नव्हता, प्लँटच्या कॉम्प्युटरवर बसून 'ठीक' लिहून मोकळा झाला होता. पण आता छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी खराब हाय म्हणून सांगितलेलं. तिनंच ठीक टाकलं. बघा ना, नाव कुणाचं हाय!"

"अल्लाची शपथ साहेब, मी नाही लिहिलं," शमा रडकुंडीला आली.

साहेबांना सगळं ठाऊक होतं. पण कारखान्याचे टँकर निकेशच्या बापाचे. "कागदावर तुझं नाव आहे ना," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. जाताना सगळ्यांना वेगळी नावं देऊन जा, आणि तुझं काढून टाक."

तीन वर्षं नाही सुचलं, आज सुचलं! शमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आधी स्वतःचं नाव काढलं आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

मिनिटभरात फोन खणखणू लागले. गोदाम, लॅब, गेट, सगळीकडून एकच ओरड. शेवटी प्लँटमधून निकेश. शमाने साहेबांसमोरच फोन स्पीकरवर टाकला.

"सर्व्हर बंद पडला काय? माझा कॉम्प्युटर आत घेत नाय!"

"सर्व्हर चालू आहे. फक्त माझं नाव काढलंय. मग त्या सकाळी तुझ्या कॉम्प्युटरवरून माझ्या नावाने आत कोण गेलं होतं, निकेश?"

साहेबांनीच फोन कट केला.

"ऐकलंत ना साहेब?"

"नाव परत टाक," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दोन वाजता चौकशीवाले येतायत. सगळं चालू दिसलं पाहिजे."

"आणि माझी नोकरी?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

शमाने पर्स उचलली आणि ती तडक निघाली. मेले बसू देत ओरडत!

गेटवर दयारामची बायको रमा बसली होती. कारखान्याने तिला त्या नोंदीची झेरॉक्स दिली होती. शमाला बघताच ती उठली. "तुजे हात बरे हायेत ना गो?" एवढंच म्हणाली आणि कागद तिच्या तोंडासमोर धरला.

त्यावरचं नाव मात्र शमाला काढता येत नव्हतं.