दोष कलेजीचा

आमच्या नवसारीत कुणाचं रक्त कमी झालं की पहिला इलाज स्वयंपाकघरात. मेरवानचं हिमोग्लोबिन सातवर आलं, तशी मी रोज अलेटी-पलेटी करायला लागले. कोंबडीचा पेटा आणि कलेजी, आलं-लसणात झणझणीत परतलेली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झालेली; नवऱ्याला काय मानवतं ते आता डॉक्टरांनी मला शिकवायचं?

त्याला संडासला काळं व्हायचं. तो घाबरला, तर मीच हसले. "मेल्या, एवढी कलेजी हाणतोस, मग काय गुलाबी होणार?"

दोन वर्षं हेच. रक्त चढवायचं, घरी यायचं, कलेजी खायची.

शेवटी सुरतेच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. आतड्यातल्या बारीक नसांतून रक्त गळत होतं. ते म्हणाले, तेवढं आतडं कापून टाकू.

ऑपरेशनआधी तपासायला हेतल नावाची पोरगेली डॉक्टर आली. तिनं मेरवानच्या छातीला नळी लावली, ती काढेचना.

"बावाजी, हृदयाची झडप आखडलीये तुमची," ती म्हणाली. "त्या फटीतून जाताना रक्ताची गोठायची ताकदच मोडते. म्हणून खाली नसा गळतात."

"आणि ते काळं?" मी विचारलं.

"रक्तच होतं, माई. कलेजीमुळे कुणाला शंका आली नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोटवाले म्हणत आतडं कापा, हृदयवाले म्हणत आधी झडप बदला. मेरवान पंख्याकडे बघत, बोट माझ्याकडे करून म्हणाला, "तेहमी सांगेल तसं."

"जिनं दोन वर्षं तुझं रक्त मसाल्याखाली झाकलं, तिला विचारतोस?"

"मग काय रिक्षावाल्याला विचारू? बोल लवकर, भूक लागलीये."

"झडप," मी म्हटलं.

जांघेतल्या नळीतून नवी झडप बसली. कलेजी मी घरात आणायचीच सोडली. घरी आल्यावर अकराव्या दिवशी सकाळी संडासातून आरोळी आली, "तेहमी, धाव!"

माझ्या हातातलं अंडं फरशीवर फुटलं. दार सताड उघडं, आणि मेरवान लेंग्याची नाडी धरून उभा.

"बघ," तो म्हणाला. "पिवळं!"

त्रेपन्न वर्षांत या माणसानं मला हिरा म्हणून दाखवला नव्हता. मी चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं, आणि तिथंच दाराला टेकून ढसाढसा रडले.