अधिक-उण्याची ओळ

अंजूनं सोळावं पान उलटलं आणि सतराव्यावरची तिसरी ओळ घाईघाईनं वाचून टाकली.

समोरच्या खुर्चीत बबनराव सर डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडे असते तरी फरक पडला नसता. साखरेच्या आजारानं दोन वर्षांत त्यांची नजर पार नेली होती. पुसदच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं त्यांनी गणिताचा एकच प्रश्न धरून ठेवला होता. चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या सारख्या अंतरानं लावलेल्या पऱ्हाटीत, कपाशीच्या वावरात, एका कोपऱ्यात उभं राहिलं, तर काही झाडं दिसतात, काही नेमकी पुढच्या झाडाच्या आड जातात. अमुक अंतरापर्यंत दिसणारी झाडं किती? अंदाजाचा आकडा जुनाच, सगळ्यांना माहीत. तो खऱ्या आकड्याला किती चुकतो, तिथं सगळं अडलेलं. सरांच्या मांडणीत ती तफावत आजवर कुणी आणली नव्हती इतकी खाली आली होती. त्यांची विद्यार्थिनी अंजू, महागावजवळच्या तांड्यावरची, उद्या त्या सिद्धतेचे टाइप केलेले चाळीस कागद गणिताच्या मासिकाकडे पाठवणार होती.

काल टाइप करताना मात्र या ओळीवर तिचा हात थांबला होता. बेरजेतली अधिक आणि उणे पदं एकमेकांना जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतात, असं सरांनी धरलं होतं. पुढं लिहिलं होतं, ‘हे स्पष्टच आहे.’ ते स्पष्ट नव्हतं. तेवढं खातात हे जगात अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नव्हतं.

“थांब,” सर म्हणाले. “ती ओळ परत वाच.”

तिनं वाचली. आवाज मुद्दाम सारखा ठेवला.

“चूक आहे न तिथं?”

आत सरांच्या पत्नी बेबीताई गहू पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

“हो सर.”

“भरून काढता येते तुले?”

“नाही येत. कालपासून तेच पाहून राह्यली. मागचं सगळं बरोबर आहे सर, पण पुढचं याच्यावरच उभं आहे.”

सरांनी गुडघ्यावरच्या धोतराची घडी दोन बोटांनी सारखी केली.

“मले बी नाही भरता आली. नजर होती तवाच दिसली होती मले ती.”

अंजूनं कागद मांडीवर ठेवले.

“मग मले कायले टाइप करायले लावलं सर?”

“आधी सांगतलं असतं, तर तू चूक म्हणूनच पाह्यली असती. मले वाटलं, कोऱ्या डोक्यानं वाचशीन, तर तुले काही रस्ता दिसन.”

तिनं पान खिडकीकडे धरलं. ओळ तशीच होती. सर चेहरा तिच्या दिशेनं करून वाट पाहत होते, आणि दुसऱ्यांदा नाही म्हणणं तिच्याच्यानं होईना.

“उद्या परत पाहू सर.”

“ये मंग.”

कागद घ्यायला त्यांनी हात पुढं केला. तो तिच्या हातापासून वीतभर बाजूला, हवेतच थांबला. अंजूनं कागद तिथं नेले.