पंखाची रेघ

बाबांनी दुकानातून बदलून आणलेल्या सुट्ट्या नाण्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि भिंग डोळ्याला लावलं. टांकसाळीतून निवृत्त झाल्यापासूनचा हा रोजचा उद्योग.

"दुकानदार वेड्यात काढत असेल तुम्हाला," ती म्हणाली.

"काढू दे. हे बघ, सापडलं!"

ती वाकली. आकड्यामागे एक पुसट, वाकडी रेघ होती.

"मागच्या बाजूच्या पक्ष्याचा पंख आहे हा. नाणं छापणाऱ्या दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती आलीच नाही, ठसे एकमेकांवर आदळले. पक्षी समोरच्या ठशावर उमटला. मग पुढच्या प्रत्येक नाण्यावर ही रेघ." त्यांनी नाणं अंगठ्याने पुसलं. "आवाज बदलला की मला लगेच कळायचं. पण त्या दिवशी मी यंत्रापाशी नव्हतोच. ऑफिसात तुझा फोन आला होता ना, ताप भरलाय म्हणून. तसाच घरी धावलो."

हजारो नाणी ती रेघ घेऊनच बाहेर पडली होती. बाबांना यंत्रावरून काढून पिशव्या शिवायला बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत.

"साहेबांची सही नोटेवर असते, माझी नाण्यावर," ते हसले. मग भिंग सदऱ्याला पुसत राहिले. "घरी आलो तर कपाळ गारगार तुझं. म्हटलं, चला, उतरला."

त्यांनी वर पाहिलं नाही. तिने टेबलावरची नाणी उगाच एका रांगेत लावली.

"चहा टाकू?"

"टाक. साखरेला हात आखडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना ते कोसळले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता आपल्या हातात काही नाही. बोला त्यांच्याशी. कदाचित ऐकू येत असेल."

तिने नीट असलेली चादर पुन्हा नीट केली. पर्समधून ते नाणं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. बोटं उघडली. तिने पुन्हा मिटवली, पुन्हा उघडली. शेवटी ती मूठ तिने स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

उशाचं यंत्र एका लयीत वाजत होतं. त्याचा आवाज बदलला तर काय करायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, मला ताप नव्हता. गणिताचा पेपर होता त्या दिवशी."