भगवंतरावांची तोंडी परीक्षा

डॉक्टर त्रिविक्रमांनी खिशातून किल्ली काढली आणि भगवंतरावांच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे काय?"

डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या पट्ट्यांखालून भगवंतराव बघत राहिले. पलंगाशेजारी उभ्या त्यांच्या बायकोच्या, राजलक्ष्मीच्या, मुठी आवळल्या.

"किल्ली."

तिनं श्वास सोडला. चार दिवसांपूर्वी त्यांच्या मेंदूतून गाठ काढली होती. चांदणीच्या आकाराच्या पेशींची, सावकाश वाढणारी, असं आज सकाळी दुर्बिणीखाली ठरलं, आणि डॉक्टर स्वतः धावत सांगायला आले होते. पण गाठ होती नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटून. शब्द सापडले नाहीत, तर आत रक्त साकळलंय असं समजून आजच डोकं पुन्हा उघडायचं होतं.

"आणि हे?" डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"गडियार."

"कानडीत चालेल," डॉक्टर हसले.

पेन आलं. चष्मा आला. स्टुलावर बसलेले सासरे, नागोजीराव, बोटं मोजत होते. पोरगा पहिल्या वर्गात पास होणार, असा त्यांचा चेहरा.

"शेवटचं. या कोण?" डॉक्टरांनी राजलक्ष्मीकडं हात केला.

"ही."

"ही कोण?"

"आमच्या घरातली."

"नाव?"

भगवंतरावांनी वडिलांकडे पाहिलं, मग छताकडे. डॉक्टरांचं हसू मावळलं.

"सिस्टर, थिएटर तयार ठेवायला सांगा."

"थांबा डॉक्टर!" राजलक्ष्मी पुढं झाली. "मामंजींसमोर ते माझं नाव कसं घेतील? एकोणीस वर्षांत घेतलेलं नाही."

डॉक्टरांचं लग्न व्हायचं होतं. ते बघतच राहिले.

"मामंजी, तुम्ही स्वल्प बाहेर..."

सासऱ्यांना 'सरका' म्हणायचीही तिची छाती नव्हती आजवर. नागोजीराव लगेच उठले.

"सरी, सरी, जातो. मला कॉफी प्यायचीच होती."

दार लागलं.

"हं. नाव?"

भगवंतराव तिच्याकडे बघून म्हणाले, "कावेरी."

डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. तिथं राजलक्ष्मी होतं. त्यांनी फुली मारली.

भगवंतरावांनी तबकातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवशी जुनं माहेरीच राहिलं, असं ती धरून चालली होती.

"बरोबर आहे," ती कशीबशी म्हणाली. "माहेरचं माझं."

"अक्का, ऑपरेशन टळावं म्हणून घरचे काहीही बरोबर म्हणतात."

"बरोबरच आहे!" दाराबाहेरून आवाज आला. "माझ्या आईचं नाव कावेरी. सुनेला त्या नावानं हाक कशी मारायची? म्हणून मीच बदलायला लावलं. लिहा, बरोबर."

डॉक्टरांनी खोडरबर शोधला. फुली गेली. सिस्टरला परत बोलावलं. बाहेरची पावलं आता खरंच कॉफीकडं निघाली.

राजलक्ष्मीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "खात्रीसाठी आणखी एकदा विचारता का?"