गप्प बसणाऱ्याचे पैसे

बिल्डरचा चेक पाच महिन्यांनी एकदाचा वटला, तोही अर्ध्याच रकमेचा. ठेकेदाराने आधी आरडाओरडा करणाऱ्यांची तोंडं बंद केली. सिमेंटवाला भर दुकानात इज्जत काढायचा, त्याचे दिले. बँकेचे थकलेले हप्ते भरले. उरलेले घरात कधी विरघळले, कळलंच नाही. राहिला फरशीवाला मिस्त्री. बिल्डरच्या दवाखान्याच्या तीन मजल्यांची फरशी त्याने एकट्याने बसवली होती, पण त्याने कधी आवाज चढवला नव्हता.

“मिस्त्री, अजून दमडी आलेली नाही हो,” ठेकेदाराने फोनवर सरळ ठोकून दिलं.

“असू द्या भाऊ. तुमचेच अडकलेत, तुम्ही तरी काय करणार?”

वर त्यानेच धीर दिला. त्या दिवशी ठेकेदाराला जेवण गेलं नाही.

महिन्याभराने तो जुनं ड्रिल घ्यायला हत्यारांच्या दुकानात गेला. फळीवर फरशी कापायचं मशीन होतं, मुठीला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेलं. नऊ वर्षं त्याने ते मिस्त्रीच्या हातात पाहिलं होतं.

“घरभाडं थकलं म्हणून विकून गेला,” दुकानदार म्हणाला. “त्याच्या ठेकेदाराचेच पैसे कुठे तरी अडकलेत म्हणे. माणूस चांगला आहे, म्हणत होता.”

ठेकेदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मशीन विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी आपला काँक्रीट मिक्सर मिळेल त्या भावाला काढला आणि थेट मिस्त्रीचं घर गाठलं.

वहिनींनी पाणी दिलं. ते तसंच बाजूला ठेवून, मशीन आणि सगळे पैसे पुढे सरकवत तो म्हणाला, “पैसे तेव्हाच आले होते, मिस्त्री. मी खोटं बोललो. तुम्ही भांडत नाही, म्हणून तुम्हाला मागे ठेवलं.”

मिस्त्रीने मशीनची पाती बोटाने चाचपली.

“खरं सांगितलं असतंत, तरी थांबलो असतो मी,” तो म्हणाला. “हिलाही तुमच्याच बाजूने सांगत होतो रोज.”

वहिनी आत निघून गेल्या.

पुढच्या कामाला मिस्त्री आला. मात्र पहिली फरशी उचलण्याआधी त्याने, नजर न उचलता, अर्धे पैसे आगाऊ मागितले. ठेकेदाराने लगेच काढून दिले. ते मागताना मिस्त्रीच ओशाळला होता, आणि तेच ठेकेदाराला बघवेना.