रिकाम्या कड्यावरचा हिरवा ठिपका

मी एक जुना, बूट घासायचा ब्रश आहे. दक्षिण ध्रुववृत्ताजवळच्या बेटावर, आमच्या संशोधन तळाच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, आधीच कबूल करतो: मी मत्सरी आहे. मला आन्सेल्मो या तळावरच्या शास्त्रज्ञाच्या बुटांचा हेवा वाटत आला.

उशुआया या दूरच्या बंदरातल्या एका सुताराने माझी मूठ घडवली आणि तिच्यात घोड्याच्या शेपटीचे केस बसवले. पण माझे जग दारापाशीच संपले. बूट मात्र रोज आन्सेल्मोबरोबर शेवाळावर, पेंग्विनांच्या वसाहतीत, कड्यांवर जात. तो चमचाचमचा माती आणी आणि भिंगाखाली पाही. तीत डोळ्यांना न दिसणारी, आठ पायांची जलअस्वले सापडली तर नकाशावर हिरवा ठिपका. काहीच नसले तर शून्य. संध्याकाळी बुटांना मेण चोळून तो शेगडीपाशी ठेवी. "गुणाची जोडी," म्हणे. मला कधी काही म्हणाला नाही.

सगळ्यात उंच, कोरड्या कड्यावर आठ उन्हाळे शून्यच निघाले. नवव्या उन्हाळ्यात तिथल्या मातीत जलअस्वल सापडले. त्याची सहकारी लुक्रेसिया तर नाचलीच.

"मास्तर, आता तुमचं नाव पुस्तकात. मी केक करते, तुमचा तो कडू माते-चहा तुम्ही उकळा."

"तुझा केक खावा लागणार असेल, तर नाव नको."

"खा हो गुमान. गेल्या वेळी फक्त तळाला करपला होता."

मी मनात म्हटले, दारातल्या शेवाळातून या बुटांनीच नेले असेल. त्यांची फजिती व्हावी, असे मला फार वाटत होते.

आन्सेल्मो हसेना. "दारातल्या शेवाळात असतं तेच दिसतंय गं हे." त्याने बुटांचे तळवे धुऊन ते पाणी तपासले. निघालीच दोन. मी सुखावलो.

"पण बूट तर रोज घासतो आपण," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला.

पहिल्यांदाच मला आत नेले. माझे केस पाण्यात पिंजून त्यातला थेंब भिंगाखाली ठेवला. लुक्रेसिया मोजू लागली. "दहा, अकरा... मास्तर, इथे तर गावच वसलंय."

रोज त्या तळव्यांना ते जीव मीच लावत होतो.

"मायदेशी कळवून झालंय सगळं," ती हळूच म्हणाली. "राहू द्या ना. कोण बघायला येतंय?"

"मग चुकलं म्हणूनही कळव."

त्याने हिरवा ठिपका पात्याने खरवडला आणि तिथे शून्य काढले. मग स्वतःच्या हाताने मला उकळत्या पाण्यात धुतले.

गेल्या हिवाळ्यात आन्सेल्मो वारला. त्याला त्याच बुटांसकट पुरले, असे लुक्रेसियाने सांगितले. तिथेही तेच गेले.

मित्रांनो, जो इतरांना स्वच्छ करतो, त्यालाही धुवायला विसरू नका. लुक्रेसिया आता रोज मला उकळत्या पाण्यात बुडवते. केस झडतात, मूठ तडकते. मी कुरकुरत नाही. त्याचे ते शून्य कुणीतरी राखायला हवे, आणि हे काम त्या बुटांना जमायचे नाही.